जुन्या जीपचे इंजिन बदलताना
(नाशिक येथे शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ट्रॅक्टरच्या देखभालीबद्दल आपण सकाळी ऐकलेच आहे. मी बोलणार आहे ते पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या जीपविषयी. निफाड, दिंडोरी, सटाणा भागात वडील-आजोबांच्या वेळच्या अशा जीप अजून सापडतात. महिंद्राने विलीज कंपनीच्या परवान्यावर बांधलेली सीजे-३बी ही त्यातली ओळखीची. घरातील मुले ती पुन्हा चालू करायची म्हणतात. मिस्त्री येतो, बॉनेट उघडतो आणि सांगतो, "हे पेट्रोल इंजिन काढा, डिझेल बसवून देतो." येथे आपण जरा थांबावे.

पूर्वी डिझेल स्वस्त होते, म्हणून अनेकांनी हा बदल केला. कंपनीनेही पुढे जीपला ट्रॅक्टरच्या जातीचे आणि नंतर प्यूजो बनावटीचे डिझेल इंजिन दिले. परंतु कंपनीने ते पूर्ण गाडीचा हिशोब करून दिले होते. आपण द्राक्षाला डॉगरिजचा खुंट निवडताना कलम कशाचे बांधायचे याचा विचार करतो, तसाच येथे करावा.

एक हिशोब मांडतो. जुन्या पेट्रोल जीपच्या डिफरन्शियलचे प्रमाण ५.३८ आहे, म्हणजे टॉप गिअरमध्ये इंजिनाचे ५.३८ फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. चाकाचा घेर सुमारे २.२ मीटर धरा. मूळ हरिकेन इंजिन मिनिटाला ४००० फेऱ्यांपर्यंत जाते. त्या वेळी गाडीचा वेग ताशी ९८ किलोमीटर येतो. ट्रॅक्टरचे इंजिन साधारण २००० फेऱ्यांवर बांधलेले असते. तेच या जीपमध्ये घातले तर टॉप गिअरमध्येही ताशी ४९ किलोमीटरच्या पुढे गाडी जाणार नाही. ओढायला जोर भरपूर, पण आग्रा रोडवर मागून येणारे ट्रक हॉर्न देत राहतील. शिवाय जड इंजिनामुळे पुढचे पाटे बसतात आणि हादऱ्याने माउंटिंग तुटते. अशी एक जीप मी पाहिली आहे. दोन वर्षांत तिच्या चेसिसला तीन ठिकाणी वेल्डिंग करावे लागले होते.

दुसरी बाब कागदांची. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातील तपशील बदलेल असा फेरफार मालकाला मनाने करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हेच बजावले आहे. म्हणून इंजिन उतरवण्यापूर्वी आर.टी.ओ. कार्यालयात लेखी विचारावे. विमा कंपनीलाही कळवावे, नाहीतर अपघातानंतर भरपाईचा वाद होतो.

२०२१ पासून व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आहे. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडीच त्यात बसते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरे. अशी गाडी रोजच्या कामाला मात्र वापरता येत नाही. तेव्हा जीप मळ्यातून क्रेट आणायला हवी की जपून ठेवायला, हे घरात बसून आधी ठरवावे. जपायची असेल तर डिझेलचा विषयच संपतो.

माझे मत विचाराल तर आपलाच ब्लॉक आधी तपासावा. वेलीचे खोड चांगले असेल तर आपण बाग उपटत नाही, रिकट घेतो. ब्लॉकला तडा नसेल तर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन बसतात. बोअरची मर्यादा संपली असेल तर स्लीव्ह घालता येते. क्रँक ग्राइंड करून मापाची बेअरिंग घ्यावीत. या इंजिनाचे इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात. आता पेट्रोलमध्ये शिसे नाही, म्हणून एक्झॉस्टच्या सीट कठीण धातूच्या बसवाव्यात. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्याने जुने रबर फुगते, म्हणून इंधनाच्या नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरची वायसरे इथेनॉल सोसणारी घ्यावीत. हा खर्च किरकोळ आहे, पण तो टाळल्याने गाडीला आग लागू शकते.

ब्लॉक फुटलेलाच निघाला तर त्याच जातीचे जुने इंजिन शोधावे. पैसे देण्यापूर्वी ते चालवून, गरम करून चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे; सर्व आकडे एकमेकांच्या १० पौंडांच्या आत असावेत. ऑइलची काडी ओढून पाहावी, ऑइल दुधासारखे दिसले तर त्यात पाणी उतरले आहे असे समजावे. इंजिन नंबर खरवडलेला असेल तर कितीही स्वस्त मिळाले तरी हात लावू नये. नंबर स्वच्छ असेल तर त्याचा कागदावर पेन्सिलने ठसा घ्यावा आणि विकणाऱ्याकडून पक्के बिल व ज्या गाडीचे ते इंजिन आहे तिच्या नोंदणी पुस्तकाची प्रत मागावी. आर.टी.ओ. कार्यालयात याच कागदांची गरज पडते.