जुना रिसीव्हर घेताना: आधी कान, मग खोली, मग यंत्र



मी तोफखान्यातून निवृत्त झालेला अधिकारी. तेहतीस वर्षं नोकरी केली. त्यातली निम्मी फील्ड पोस्टिंगमध्ये गेली, म्हणजे मी एकीकडे आणि बायको-मुलं दुसरीकडे. निवृत्तीनंतर आम्ही दोघं सिकंदराबादला स्थायिक झालो. ठरवलं होतं, आता रोज संध्याकाळी एकत्र बसायचं, गाणी ऐकायची, राहून गेलेले सिनेमे बघायचे.

पहिल्या दोन महिन्यांत काय झालं सांगतो. मी हॉलमध्ये टीव्हीसमोर आणि ही आतल्या खोलीत, दार लावून. कारण विचारलं तर म्हणाली, "अहो, आवाज केवढा तो! माझं डोकं उठतं." मी आवाज कमी केला की मला संवाद कळत नसत, वाढवला की ही उठून जाई. इतकी वर्षं सीमेमुळे वेगळे राहिलो आणि आता एका छताखाली टीव्हीच्या आवाजामुळे वेगळे बसलो.

मला वाटलं, दोष टीव्हीच्या स्पीकरचा आहे. ते काही अगदी खोटं नव्हतं. हल्लीचे टीव्ही पातळ असतात, स्पीकर लहान आणि बहुतेक वेळा खाली किंवा मागे तोंड केलेले. म्हणून एव्ही रिसीव्हर घ्यायचं ठरवलं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. रिसीव्हर म्हणजे टीव्ही, प्लेअर, फोन या सगळ्यांचा आवाज घेऊन तो पाच-सात स्पीकरना आणि सबवूफरला वाटून देणारा डबा. अँप्लिफायरही तोच, रेडिओही तोच, डॉल्बी उलगडणाराही तोच. नवा चांगला रिसीव्हर महाग पडतो, म्हणून जुना बघायला लागलो.

आणि पहिल्याच फटक्यात फसलो.

जाहिरातीत मोठा काळा डबा होता, सात चॅनेल, खूप वॅट, पुढे झगमगता डिस्प्ले. विकणाऱ्याने दोन स्पीकर लावून एक गाणं ऐकवलं. छान वाजलं. चौदा हजार मोजले आणि घरी आणला. सगळे स्पीकर जोडल्यावर कळलं की मधला, म्हणजे सेंटर चॅनेल मुका आहे. सिनेमातले बहुतेक संवाद त्या मधल्या स्पीकरमधूनच येतात. म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी यंत्र घेतलं, नेमकं तेच त्यात नव्हतं. विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं. तक्रार त्याच्याबद्दल नाही, माझ्याबद्दल आहे. तोफ ताब्यात घेताना आम्ही एकेक पुर्जा तपासायचो, आणि इथे एक गाणं ऐकून सही केली.

त्याच सुमारास मुलीने हट्टाने कानांच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासणीचा आलेख समोर ठेवला तेव्हा डोळे उघडले. खालचे स्वर ठीक, मधले ठीक, आणि चार हजार हर्ट्झच्या आसपास एक खोल खड्डा. मोठ्या आवाजाने कान खराब होतात ते सहसा असेच. आमच्या तरुणपणी देवळालीच्या फायरिंग रेंजवर कानात बोळे घालणारा नाजूक समजला जायचा. त्याची किंमत आता चुकती होत होती. त्या खड्ड्यात नेमकं काय हरवतं? स, श, फ, थ, ख यांसारखी व्यंजनं. माणूस बोलतोय हे ऐकू येतं, काय बोलतोय ते कळत नाही. आवाज वाढवून ते भरून निघत नाही, फक्त स्फोट आणि पार्श्वसंगीत आणखी मोठं होतं. ही का उठून जात होती, ते मला त्या दिवशी समजलं.

म्हणून माझ्या वयाच्या मंडळींना पहिली विनंती, रिसीव्हर शोधण्याआधी कान तपासून घ्या. मी श्रवणयंत्र घेतलं. लाज वाटली, पण घेतलं. मग दुसऱ्यांदा रिसीव्हर शोधायला निघालो. या वेळी प्रश्न एकच ठेवला, आमच्या खोलीत, मध्यम आवाजात, शब्द स्वच्छ कळतील का?

हा प्रश्न धरला की अर्ध्या जाहिराती आपोआप बाद होतात. सर्वांत आधी वॅटचा मोह सुटतो. ऐंशी वॅट आणि शंभर वॅट यांत कानाला जाणवणारा फरक जेमतेम एक डेसिबल आहे. तीन डेसिबल वाढवायला वॅट दुप्पट लागतात. शिवाय आकडा कसा मोजला ते बघा. दोन चॅनेल एकदम चालवून, वीस ते वीस हजार हर्ट्झपर्यंत, आठ ओहमवर मोजलेला आकडा प्रामाणिक. एकच चॅनेल, एकच स्वर, सहा ओहम आणि दहा टक्के विकृती, असा मोजलेला मोठा आकडा फक्त खोक्यावर छापायला बरा. बारा बाय पंधराच्या हॉलला प्रामाणिक सत्तर-ऐंशी वॅट भरपूर झाले. मात्र तुमचे स्पीकर चार ओहमचे असतील, तर रिसीव्हरला ते चालतात का हे त्याच्या मागच्या पट्टीवर किंवा माहितीपत्रकात वाचून घ्या.

दुसरा मोह नव्या सोयींचा. इथे जुनं घेणाऱ्याचा खरा फायदा आहे, म्हणून नीट ऐका. डॉल्बी अॅटमॉस घरच्या रिसीव्हरमध्ये आलं 2014 मध्ये. फोर-के चित्र सेकंदाला साठ फ्रेमने नेणारं एचडीएमआय 2.0 जाहीर झालं 2013 मध्ये. त्याआधीच्या रिसीव्हरमधून हे चित्र पुढे जात नाही, म्हणून त्यांची किंमत कोसळली. पण चित्र रिसीव्हरमधून नेलंच पाहिजे असं कुठे आहे? डिश, प्लेअर सगळं थेट टीव्हीला जोडा. टीव्हीतून फक्त आवाज रिसीव्हरकडे पाठवा. त्यासाठी एआरसी लागतं, ते 2009 च्या एचडीएमआय 1.4 पासून आहे. घेताना दोन्हीकडच्या एचडीएमआय खाचेवर एआरसी लिहिलेलं आहे का ते बघा. ते नसेल तर ऑप्टिकल केबल, तिच्यातूनही साधं डॉल्बी डिजिटल पाच अधिक एक चॅनेलमध्ये येतं. ब्लू-रेवरचा बिनघटीचा आवाज या दोन्ही वाटांनी येत नाही. त्यासाठी प्लेअर रिसीव्हरलाच जोडावा लागतो, किंवा टीव्ही आणि रिसीव्हर दोन्हीकडे ईएआरसी हवं. आमच्याकडे सिनेमे इंटरनेटवरून येतात, त्यामुळे आम्हाला त्याची गरज नव्हती. तुमची असेल तर तेवढे जास्त पैसे द्या, नसेल तर देऊ नका.

एक छोटी गोष्ट बऱ्याच जणांची राहते. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये पीसीएम निवडलेलं असेल तर बहुधा दोनच चॅनेल येतात आणि माणूस रिसीव्हरला शिव्या देतो. तिथे बिटस्ट्रीम, पास-थ्रू किंवा ऑटो करा.

आता गाणी. गाण्यांसाठी वेगळा स्टिरिओ अँप्लिफायर घ्यावा का, असं खूपजण विचारतात. जागा आणि पैसे असतील तर जरूर घ्या. पण एकाच डब्यात दोन्ही हवं असेल तर रिसीव्हरमध्ये डायरेक्ट किंवा प्युअर डायरेक्ट अशी सोय आहे का बघा. त्यात बाकीची प्रक्रिया बंद होते आणि दोन स्पीकरवर सरळ गाणं लागतं. गाण्याचं सोनं मुख्यतः स्पीकरमध्ये असतं. म्हणून एकूण बजेट ठरलं असेल तर स्पीकरवर जास्त आणि रिसीव्हरवर कमी, अशी वाटणी करा.

आता तपासणी. विकणाऱ्याकडे जाताना मी एक झोळी घेऊन गेलो. त्यात लहान स्पीकर, दोन वाव वायर, एचडीएमआय केबल, फोन आणि फोनची ऑक्स केबल. तुम्हीही तसंच करा. आधी सांगून ठेवा की यंत्र सकाळपासून बंद ठेवा, मला थंड असताना चालू करून बघायचं आहे. चालू केल्यावर काही सेकंदांत आतून रिलेचा टक असा आवाज यायला हवा. तो आलाच नाही, किंवा यंत्र पुन्हा पुन्हा स्वतःहून बंद होत असेल, तर चहा पिऊन परत या.

मग गाणं न लावता स्पीकरला कान लावा. घरघर येते का? बटण हळूहळू फिरवा, खरखर येते का? ही परीक्षा श्रवणयंत्रवाल्यांनी बरोबरच्या माणसाकडून करून घ्यावी, मी हिलाच नेलं होतं. त्यानंतर स्पीकरच्या मेनूत जाऊन टेस्ट टोन लावा आणि तुमचा तो लहान स्पीकर मागच्या प्रत्येक चॅनेलला एकेक करून जोडा. प्रत्येक वेळी वायर बदलण्याआधी यंत्र बंद करा, वायरींची टोकं एकमेकांना लागू देऊ नका. सेंटर सर्वांत आधी! मग प्रत्येक एचडीएमआय खाच तपासा. जुन्या रिसीव्हरमध्ये अँप्लिफायरचा भाग ठणठणीत आणि एचडीएमआयचा बोर्ड गेलेला, असं पुष्कळदा आढळतं, आणि तो बोर्ड मिळणं कठीण. शेवटी आवडीचं गाणं लावून अर्धा-पाऊण तास चालू ठेवा. गरम होणं स्वाभाविक आहे, जळका वास येणं नाही.

बाहेरूनही बघा. स्क्रूची डोकी खरवडलेली असतील तर यंत्र उघडलेलं आहे, का ते विचारा. वरच्या जाळीतून टॉर्च मारा, झुरळांनी संसार मांडलेला दिसेल. मागच्या पट्टीवर व्होल्टेज वाचा. अमेरिकेहून मुलाने आणलेला रिसीव्हर 120 व्होल्टचा असतो, जपानमधला 100 व्होल्टचा. तो आपल्या 230 व्होल्टच्या खाचेत थेट लावला तर धूर निघेल. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो आणि तो रिसीव्हरला पुरेल इतक्या ताकदीचा हवा. रिमोट आणि खोलीचा आवाज मोजणारा मायक्रोफोन मागून घ्या. माइक त्या मॉडेलसाठीचाच लागतो, दुसरा चालेलच असं नाही.

आता थोडं कडू बोलतो. जुन्या सामानाच्या जाहिरातींत एक टोळी आमच्या गणवेशाचा फोटो लावून फिरते. "मी सैन्यात आहे, बदली झाली, सामान स्वस्तात विकतोय, युनिटच्या गाडीने पाठवतो, आधी थोडे पैसे टाका." ओळखपत्र आणि कँटीन कार्डाची छायाचित्रंही पाठवतात. मंडळी, सैनिक आपलं ओळखपत्र अनोळखी माणसाला व्हॉट्सअॅपवर पाठवत नाही आणि सरकारी गाडीने रिसीव्हरही पाठवत नाही. गणवेशावर विश्वास ठेवता याचं मला बरं वाटतं, म्हणूनच सांगतो, गणवेशाच्या फोटोवर ठेवू नका. यंत्र डोळ्यांनी बघा, कानांनी ऐका, मगच पैसे द्या. आणि तुम्ही विकणारे असाल तर लक्षात ठेवा, पैसे घ्यायला क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. फसलात तर वेळ न घालवता 1930 या सायबर मदत क्रमांकावर फोन करा.

दुसरा रिसीव्हर मला अकरा हजारांत मिळाला. पाच चॅनेलचा, फोर-के नसलेला, दिसायला साधा. विकणारे एक निवृत्त प्राध्यापक होते. त्यांनी स्वतःच सगळे चॅनेल लावून दाखवले आणि माइक आठवणीने खोक्यात ठेवला.

घरी आल्यावर माइक बसायच्या जागी, कानाच्या उंचीवर ठेवून मोजमाप केलं. पंखा आणि कुकर बंद करून. स्पीकर लहान म्हणून निवडले आणि ऐंशी हर्ट्झखालचा आवाज सबवूफरकडे दिला. सेंटर स्पीकर टीव्हीखालच्या कप्प्यात पार आत गेला होता, तो कडेपर्यंत पुढे ओढून थोडा वर, तोंडाकडे वळवला. सेंटरची पातळी तीन डेसिबल वाढवली. रात्रीसाठी डायनॅमिक रेंज कमी करणारा मोड चालू केला, म्हणजे स्फोट खाली येतात आणि कुजबुज वर येते. या सगळ्या गोष्टींना एक रुपया लागला नाही.

त्या रात्री "नटसम्राट" लावला. संवादांचा सिनेमा, म्हणून परीक्षेला तोच. आवाज मी नेहमीपेक्षा बराच खाली ठेवला होता. शब्द कळत होते. सगळे नाही, खोटं कशाला बोलू, दोन-तीनदा मी हिला विचारलंच. पण विचारायला ही शेजारी होती.

तुमच्या घरात कोणी आवाज वाढवत असेल आणि कोणी खोली सोडून जात असेल, तर भांडू नका. आधी कान दाखवून या, मग झोळी घेऊन यंत्र बघायला जा. आणि तिथे गेल्यावर सेंटर चॅनेल सर्वांत आधी तपासा.

जय हिंद.