नांगरापूर्वीचा तांदूळ

श्रावण वद्य षष्ठीच्या आदल्या एकदोन दिवसांत आपण रायपूरच्या बाजारात गेलात, तर एक तांबूस तांदूळ साध्या तांदळाच्या कितीतरी पट भावाने विकला जाताना दिसेल. त्याचे नाव पसहर. छत्तीसगडात या षष्ठीला कमरछठ म्हणतात. तिकडच्या पंचांगाप्रमाणे तो महिना भाद्रपद असतो, तिथी मात्र एकच. मुलांच्या दीर्घायुष्यासाठी आया हे व्रत करतात आणि त्या दिवशी नांगरलेल्या जमिनीतला एकही दाणा त्यांना चालत नाही. दूध, दही, तूप, तेही म्हशीचे. पसहर चालतो, कारण तो कोणी पेरलेला नसतो. तळ्यांच्या काठी, दलदलीत तो आपोआप वाढतो.

पुढे पंधरवड्याने आपल्याकडे ऋषिपंचमी येते. त्या दिवशीही बैलाच्या कष्टाचे अन्न वर्ज्य. व्रतकथा काहीही सांगोत, मला तरी या दोन्ही निषेधांत नांगर येण्यापूर्वीच्या जेवणाची आठवण दिसते.

शिकार आणि कंदमुळे सोडून मानव एके दिवशी शेतकरी झाला, असे आपण शाळेत शिकतो. भाताची हकीकत इतकी सरळ नाही. रानभाताचा दाणा पिकताच गळून पडतो. वंश टिकवण्यास तेच सोयीचे. पण कापणी करणाऱ्याच्या टोपलीत येतात ते न गळलेले दाणे. पुढच्या वर्षी त्यांतलेच पेरले गेले, आणि असे होत होत न गळणारे भात तयार झाले. याला हजारो वर्षे लागली. दाण्याच्या बुडाशी असलेला व्रण गुळगुळीत आहे की फाटल्यासारखा, यावरून उत्खननातला दाणा आपोआप गळला की झोडून काढला, हे संशोधक ताडतात. गंगेच्या खोऱ्यात लहुरादेव येथे सुमारे 8,000 वर्षांपूर्वीचा तांदूळ सापडला; तो रानटी की लागवडीचा, यावर अद्याप मतभेद आहेत.

शिवाय ही वाट एकाच दिशेची नव्हती. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केले. तेथील शेतकरी चौकोनी, प्रशस्त घरांत राहत. पण इसवी सनापूर्वी 1000 च्या सुमारास शेती खालावली आणि त्यांचे वंशज गोल झोपड्यांत राहून गुरांवर आणि शिकारीवर अधिक विसंबू लागले.

छत्तीसगडात तर दोन्ही जीवनपद्धती शेजारी नांदल्या. रायगडजवळच्या कबरा पहाडावर आदिमानवाने प्राण्यांची चित्रे काढली. महानदीकाठी सिरपूरला सातव्या शतकात राणी वासटाने विटांचे लक्ष्मण मंदिर उभारले. अशा राजधान्या भाताच्या शिलकीवर उभ्या राहतात, आणि त्याच काळी जंगलातले लोक मोहाची फुले वेचीत होते, डोंगरउतारावर बेवर करीत होते. त्यांना मागासलेले म्हणण्याची आपली सवय जुनी आहे. पण भाताचे वाण सांभाळले ते अशाच लोकांनी व लहान शेतकऱ्यांनी. 1970 नंतरच्या दशकात डॉ. रिछारिया यांनी रायपूर येथे राहून या प्रदेशातील 17,000 हून अधिक नमुने गोळा केले. आज तेथील इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाच्या संग्रहात 20,000 हून अधिक नमुने आहेत.

शेतकऱ्याला मात्र रानभात नकोसा वाटतो. खाचरात तो घुसला की त्याला करगा म्हणतात. रोप भातासारखेच दिसत असल्याने निंदणी करणाराही फसतो. म्हणून काही जण मुद्दाम जांभळ्या पानांचे भात पेरतात, म्हणजे हिरवा करगा ओळखू येतो. पण याच रानभाताच्या कुळातील, उत्तर प्रदेशातून नेलेल्या एका नमुन्याने आशियातील शेती सावरली. एका विषाणूने भाताची रोपे खुरटू लागली, तेव्हा फिलिपाइन्समधील संस्थेने हजारो नमुने तपासले आणि प्रतिकारशक्ती त्या एकातच आढळली. 1976 साली प्रसृत झालेल्या आयआर-36 या वाणात तो गुण उतरवला गेला.

रायपूर तळ्यांचे शहर म्हणून ओळखले जाई. त्यांतली कित्येक तळी आता बुजली आहेत. तळे बुजले की काठचा पसहरही जातो, आणि तो पुन्हा लावायला कोणाच्या कणगीत बियाणे ठेवलेले नसते.