नारू कसा गेला?

(केडगाव येथील मेळाव्यातील भाषण)



आपण कापसाच्या भावावर बोलायला जमलो आहोत, आणि मी पिण्याच्या पाण्याचा विषय काढतो म्हटल्यावर मागे काहीजण हसले. हसू द्या. पण आजारी माणूस पेरणीला उभा राहत नाही, आणि बुडालेले ते दिवस उत्पादनखर्चात कोणी धरत नाही.

इथे बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना नारू आठवत असेल. पायाला फोड यायचा, आग व्हायची. फोड फुटला की पांढऱ्या दोऱ्यासारखा, दोन-तीन फूट लांबीचा जंत बाहेर डोकावायचा. काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. मध्येच तुटला की पाय सुजायचा, पू व्हायचा. कित्येक आठवडे माणूस खाटेवर, तोही बहुधा उन्हाळ्यात, पेरणीच्या तोंडावर. एकदा झाला म्हणजे पुन्हा होणार नाही, असेही नव्हते.

हा काही देवाचा कोप नव्हता. खोट पायऱ्यांच्या विहिरीत होती. बारवेच्या पायऱ्या उतरून माणूस पाण्यात उभा राहतो आणि घागर भरतो. पायाला नारूचा फोड असला, की पाणी लागताच जंताची मादी असंख्य पिल्ले सोडते. सायक्लॉप्स नावाचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा पाण्यातला किडा ती पिल्ले खातो. पाण्याबरोबर तो किडा आपल्या पोटात जातो, आणि साधारण वर्षभराने आपल्या पायातून नारू निघतो. एकाचा पाय, साऱ्या गावाची घागर!

यावर औषध नव्हते, लस नव्हती. आजही नाही. तरी नारू गेला. 1980 च्या दशकात देशभर निर्मूलनाची मोहीम निघाली. महाराष्ट्रही नारूच्या राज्यांपैकी एक होता. कामे साधीच होती. पायऱ्या बंद करून विहिरीला कठडा बांधायचा आणि पाणी पोहऱ्याने शेंदायचे. गावात हापसा बसवायचा. पाणी दुहेरी फडक्याने गाळायचे. विहिरीत टेमीफॉस टाकून किडा मारायचा. आणि रोगी घरोघर शोधून त्याला पाण्यात उतरू द्यायचे नाही. देशातला शेवटचा रोगी जुलै 1996 मध्ये राजस्थानात, जोधपूर जिल्ह्यात सापडला. फेब्रुवारी 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त ठरवला. जगात 1986 साली अंदाजे 35 लाख रोगी होते. 2024 साली 15 उरले.

मग आता निर्धास्त राहायचे का? नाही. आमांशाचा अमीबा आणि जिआर्डिया हे जंतू अजून आपल्या पाण्यात येतात. विष्ठेतून पाण्यात आणि पाण्यातून पोटात, ही त्यांची वाट. नारूचा किडा फडक्यात अडकायचा. हे त्याहून कितीतरी बारीक, फडक्यातून आरपार जातात. ब्लीचिंग पावडरने पटकी, हगवणीचे पुष्कळ जंतू मरतात, म्हणून ती टाकलीच पाहिजे. चांगल्या प्रतीची असेल तर हजार लिटरला अडीच ग्रॅम, आणि निदान अर्धा तास थांबायचे. पण अमीबाचे कवच तिलाही दाद देत नाही. त्याला उपाय उकळण्याचा. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट ठेवायचे, झाकून गार करायचे आणि ओगराळ्याने काढायचे. भांड्यात हात बुडवायचा नाही.

कापूस वेचणीला गेलेल्या बाया तहान लागली की शेततळ्याचे पाणी पितात. त्या पाण्यात जनावर उतरते, बांधावरची घाण वाहून येते. वेचणीला जाताना घरून उकळलेल्या पाण्याचा कॅन न्या. मजूर लावलेत तर त्यांच्यासाठीही न्या. विहिरीजवळ शौचाला बसू देऊ नका.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने तीन गोष्टी लिहून आणा. पिण्याच्या विहिरीला कठडा आहे का? पावडर शेवटची कधी टाकली? टँकरचे पाणी कुठे ओतले जाते? त्या कागदावरून ग्रामपंचायतीला जाब विचारू. आता भावाकडे वळू.