पाळीआधीचा आठवडा

सकाळची डोंबिवली फास्ट. लेडीज डब्यात दाराशी उभी असलेली एखादी मुलगी, नुकतीच नोकरीला लागलेली. पोट फुगलंय, छाती दुखतेय, मागून कोपर लागलं तरी डोळ्यांत पाणी येतंय. निघताना आई म्हणालेली असते, "हल्ली फार तोंड वाढलंय तुझं." चार दिवसांनी पाळी येते आणि सगळं निवळतं. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

हा स्वभाव नव्हे. 1931 साली न्यूयॉर्कच्या डॉ. रॉबर्ट फ्रँक यांनी या त्रासावर लिहिलं. 1953 मध्ये इंग्लंडमध्ये कॅथरिना डाल्टन आणि रेमंड ग्रीन यांनी 'प्रीमेन्स्ट्रुअल सिंड्रोम' म्हणजेच 'पीएमएस' हे नाव रूढ केलं. बीज सुटल्यानंतर संप्रेरकं सगळ्याच जणींची चढतात-उतरतात. काहींच्या मेंदूला तो चढउतार अधिक जाणवतो.

त्यात राहणीची भर पडते. रात्री बाराला डोळा लागतो, पाचला गजर. न्याहारी बुडते, मग स्टेशनबाहेरचा वडापाव आणि दिवसभर कटिंग. चहानं उरलीसुरली झोपही उडते. खाण्यातल्या कॅल्शियमचंच बघा. 1998 साली अमेरिकेत 466 स्त्रियांवर झालेल्या चाचणीत रोज 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम घेणाऱ्यांचा त्रास तिसऱ्या पाळीपर्यंत 48 टक्क्यांनी घटला. औषध नसलेली, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांचाही 30 टक्क्यांनी घटला, हेही सांगायला हवं. तेव्हा गोळ्यांच्या मागे धावण्याआधी ताटात दूध, दही, तीळ, नाचणीची भाकरी यावी. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं.

भरभर चालण्यानंही बरं वाटतं. ठाण्यात तलावपाळी आहे, कल्याणात काळा तलाव. पण घरी पोचायला आठ वाजणार आणि पोळ्या तिनेच लाटायच्या, तर ती चालायला जाणार कधी? सल्ला मुलीला देऊन भागत नाही; त्या आठवड्यात पोळपाट भावाकडे जायला हवा.

दोन महिने एका वहीत रोजची तारीख, झोप आणि त्रास लिहून ठेवावा. त्रास पाळीआधीच येतो की महिनाभर असतो, हे त्यातून कळतं. महिनाभर थकवा असेल, तर आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासावं; 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता.

कामावर जाणंच अशक्य व्हावं किंवा जगणं नकोसं वाटावं, इतका त्रास असेल तर अंगावर काढू नये. यावर औषधं आहेत. वही घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावं. मन फार खचलं, तर सरकारच्या टेलिमानसचा 14416 हा मोफत क्रमांक दिवसरात्र सुरू असतो. तिथे मराठीतूनही बोलता येतं.