वीज-पाण्यासह भाडे : सोय कोणाची?



ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत खोली शोधणाऱ्या कष्टकऱ्याला ‘लाइट-पाणी भाड्यातच’ हे शब्द मोठा दिलासा देतात. पहाटेची लोकल गाठणाऱ्याला महिन्याकाठी एकच रक्कम मोजणे सोयीचे वाटते. परंतु या सोयीबरोबर मेन स्विच आणि पाण्याची चावी घरमालकाच्या हाती जाते, याचा विचार सहसा होत नाही.

आधी पैशाचा हिशेब पाहावा. महावितरणचा घरगुती वीजदर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिल्या 100 युनिटांना तो सर्वांत कमी असतो, त्यापुढे बराच वाढतो. चाळीतील चार खोल्या एकाच मीटरवर असल्या की चौघांच्या युनिटांची बेरीज होऊन बिल वरच्या टप्प्यात जाते. तो बोजा घरमालक भाड्यातूनच वसूल करतो.

त्याहून गंभीर प्रश्न सत्तेचा आहे. वाद झाला की नोटीस नको, न्यायालय नको. फ्यूज काढला की खोली रिकामी होते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चे कलम 29 सबळ कारणाविना वीज-पाणी तोडण्यास मनाई करते. पण ते संरक्षण ‘भाडेकरू’ला आहे. 11 महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा कागदोपत्री केवळ परवानाधारक ठरतो. 1973 च्या दुरुस्तीने त्या वर्षी 1 फेब्रुवारीला ताबा असलेल्या परवानाधारकांना भाडेकरूचा दर्जा दिला होता. नंतर आलेल्यांना तो मिळालेला नाही.

तरीही हा माणूस अगदीच निःशस्त्र नाही. कलम 55 प्रमाणे करार लेखी हवा आणि त्याची नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. तसा करार नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींविषयी राहणाऱ्याचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते. वीज कायदा, 2003 चे कलम 43 जागेच्या मालकाप्रमाणेच तेथे राहणाऱ्यालाही वीजजोडणी मागण्याचा हक्क देते.

हे हक्क चाळीचाळीत पोहोचवणे हे कार्यकर्त्यांचे काम होय. वीज-पाण्याची अट करारात स्पष्ट लिहून घ्यावी, दरमहा पावती मागावी, जमेल तेथे स्वतंत्र मीटरसाठी अर्ज करावा. आणि कलम 29 चे संरक्षण परवानाधारकालाही मिळावे, ही मागणी विधिमंडळापर्यंत न्यावी. भाडे वेळेवर भरणाऱ्याच्या घरातील दिवा दुसऱ्याच्या मर्जीवर जळता कामा नये.