औषधानंतरचे पुरळ : केव्हा सावध व्हावे?

औषध हे रोगनिवारणाचे साधन होय. परंतु क्वचित प्रसंगी तेच शरीरास अपायकारक ठरते. औषधामुळे अंगावर उठणारे पुरळ बहुधा सौम्य असते व औषध थांबविल्यावर मावळते. तथापि काही थोड्या रुग्णांत ते प्राणघातक विकाराची नांदी ठरते.

१९२२ साली अमेरिकेतील स्टीव्हन्स व जॉन्सन या डॉक्टरांनी दोन मुलांच्या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. ताप, अंगभर पुरळ, सोलवटलेले तोंड व डोळ्यांचा तीव्र दाह ही त्याची लक्षणे होती. तो विकार त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्याच्या अधिक उग्र रूपाचे वर्णन १९५६ साली अ‍ॅलन लायल यांनी केले. त्यात भाजल्याप्रमाणे त्वचेचा वरचा थर सुटून येतो. शरीराच्या ३० टक्क्यांहून अधिक त्वचा अशी सुटल्यास सुमारे एक तृतीयांश रुग्ण दगावतात. वाचलेल्यांपैकी काहींची दृष्टी कायमची अधू होते.

सल्फा गटातील औषधे, फेफऱ्यावरील फेनिटॉइन, कार्बामाझेपीन व लॅमोट्रिजीन आणि गाऊट या सांधेविकारावरील अ‍ॅलोप्युरिनॉल ही यास वारंवार कारणीभूत होणारी औषधे होत. ही औषधे उपयुक्तच आहेत. त्यांचे भय बाळगण्याचे कारण नाही. मात्र हा विकार बहुधा औषध सुरू केल्यापासून ४ ते २८ दिवसांत उद्भवतो. म्हणून तेवढ्या काळात दक्षता हवी.

पुरळासोबत ताप, तोंडात फोड, डोळ्यांची लाली, त्वचेची आग वा फोड यांपैकी काहीही दिसल्यास औषधाची पुढील मात्रा न घेता रुग्णाला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. फेफऱ्याच्या रुग्णास पर्यायी औषध कोणते द्यावे, हे डॉक्टर ठरवितात. अंगावर लेप लावून वा गोवर-कांजिण्या समजून वाट पाहण्यात मोलाचा वेळ जातो. अपायकारक औषध जितक्या लवकर थांबते, तितकी जीव वाचण्याची शक्यता वाढते.

रुग्णालयात जाताना घेतलेल्या सर्व औषधांची वेष्टने व चिठ्ठ्या सोबत न्याव्यात. बरे झाल्यावर घातक ठरलेल्या औषधाचे नाव कागदावर लिहून रुग्णाने ते सदैव जवळ बाळगावे व प्रत्येक डॉक्टरास दाखवावे. कारण तेच औषध पुन्हा पोटात गेल्यास प्राणावर बेतू शकते.

भारतात २०१० पासून औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. डॉक्टरांप्रमाणेच रुग्णासही १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर माहिती देता येते. एका रुग्णाची नोंद दुसऱ्याच्या जीविताचे रक्षण करू शकते.