जीप सजवण्याआधी तिचं स्टेअरिंग बघा



गटाच्या बैठकीत शेळ्या, शिलाई मशीन, पिठाची गिरणी हे विषय नेहमी निघतात. आज मी जुन्या जीपच्या स्टेअरिंगबद्दल बोलणार आहे. हा बाप्यांचा विषय आहे असं कुणाला वाटेल. पण जीपमध्ये बसतं कोण? बाजाराला, दवाखान्यात, शेगावला, सैलानीच्या यात्रेला, 12 जानेवारीला सिंदखेडराजाला जाताना मांडीवर लेकरू घेऊन मागच्या सीटवर आपणच बसतो. आणि हल्ली अशी जीप घ्यायला किंवा दुरुस्त करायला लागणारं कर्जही गटातून मागितलं जातं. म्हणजे जीवही आपला आणि पैसाही आपला.

ही जीप मुळात दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यासाठी तयार झाली. आपल्याकडे महिंद्रा कंपनीने 1947 पासून मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. पुढे कमांडर, मेजर अशी नावं आली. साधी यंत्रणा, मजबूत सांगाडा आणि गावातल्या मिस्त्रीलाही कळेल अशी बनावट, म्हणून ती खेड्यापाड्यात टिकली. आता जुनी जीप घेऊन ती नव्याने सजवायची हौस तरुण पोरांत आहे. हौसेला माझी हरकत नाही. फक्त पैसा आधी कशावर खर्च करायचा, एवढंच मला सांगायचं आहे.

एका गटात जीप दुरुस्तीसाठी कर्जाचा अर्ज आला. खर्चाची यादी अशी होती: रंग, पुढचं चकचकीत गार्ड, रुंद टायर, छोटं गोल स्टेअरिंग, मागे लांब सीट आणि गाण्याचा डबा. एका मावशींनी विचारलं, "अन् गाडी वळते कशी, त्याचा खर्च यात कुठं हाय?" त्या यादीत स्टेअरिंगच्या दुरुस्तीचा एक रुपयाही नव्हता. मावशींचा हा प्रश्न प्रत्येक गटाने लक्षात ठेवावा.

स्टेअरिंगचं काम समजायला सोपं आहे. ड्रायव्हर चाक फिरवतो, ते फिरणं दांड्याने स्टेअरिंग बॉक्सपर्यंत जातं, तिथून ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंक आणि टाय रॉड हे दांडे पुढची चाकं वळवतात. दांड्यांच्या टोकांना गोळ्याचे सांधे असतात. चाक ज्यावर वळतं ती किंग पिन. यातला प्रत्येक सांधा थोडा थोडा झिजतो. जात्याचा खुंटा सैल झाला की आधी खुंटा हलतो आणि मग पाळं फिरतं, तसंच इथे होतं. ड्रायव्हरने चाक फिरवलं तरी गाडी लगेच वळत नाही. याला मिस्त्री 'प्ले आला' म्हणतात. सपाट रस्त्यावर तो चालवून घेतो. राजूर घाटात किंवा बोथ्याच्या घाटात समोरून ट्रक आला, की हाच प्ले जिवावर बेततो.

हा प्ले किती चालतो? 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये त्याची मर्यादा 30 अंश दिली आहे. भिंतीवरच्या घड्याळात बारापासून एकपर्यंत जेवढं अंतर, तेवढे 30 अंश. नेहमीच्या मोठ्या स्टेअरिंगवर ते साधारण दहा सेंटिमीटर, म्हणजे पाच-सहा बोटं भरतं. ही शेवटची हद्द आहे. चांगल्या गाडीत प्ले यापेक्षा बराच कमी असतो.

तो आपण स्वतः मोजू शकतो. गाडी सपाट जागी, इंजिन बंद, पुढची चाकं सरळ. स्टेअरिंगच्या कडेला रंगीत दोरा बांधा. एकीने स्टेअरिंग अलगद एका बाजूला फिरवावं, दुसरीने पुढच्या टायरकडे बघावं. टायर हलायला लागला की थांबा. मग उलट बाजूला फिरवा, टायर हलेपर्यंत. दोरा जेवढा सरकला तेवढा प्ले. पाच-सहा बोटांपेक्षा जास्त सरकला, तर त्या गाडीत बसू नका.

आणखी दोन गोष्टी बघा. टायरवरून हात फिरवा. एकाच कडेला गुळगुळीत झाला असेल, तर चाकांची दिशा बिघडली आहे. आणि मोकळ्या रस्त्यावर गाडी सावकाश वळवायला सांगा. वळण संपल्यावर हात सैल केला की स्टेअरिंग आपोआप सरळ व्हायला हवं. होत नसेल तर मिस्त्रीला दाखवायला हवं.

दुरुस्तीचाही क्रम असतो. आधी टायर आणि हवा. मग चाकाचं बेअरिंग. मग टाय रॉडचे सांधे आणि किंग पिनचे बुश. मग स्प्रिंगपाट्यांचे बुश आणि बोल्ट. त्यानंतर स्टेअरिंग बॉक्स, आणि तो सांगाड्याला पक्का बसलाय का ते. व्हील अलाइनमेंट सर्वांत शेवटी, कारण सांधे सैल असताना चाकं सरळ केली तर ती चार दिवसांत पुन्हा वाकडी होतात. काही जण सांधे न बदलता नुसता बॉक्सचा स्क्रू आवळतात. प्ले कमी झाल्यासारखा वाटतो, पण स्टेअरिंग जड होतं, वळणानंतर परत येत नाही, आणि झिजलेला सांधा तसाच राहतो. स्टेअरिंगचा दांडा वाकला किंवा तडकला तर वेल्डिंग करून किंवा तापवून सरळ करून चालवू नये. नवाच घ्यावा.

आता सजावटीकडे वळू. रुंद टायर घातले की स्टेअरिंग जड होतं आणि बेअरिंग, सांधे लवकर झिजतात. त्यावर छोटं गोल स्टेअरिंग बसवलं तर जोर अजून जास्त लागतो. गाडी उंच केली की ती वळणावर जास्त कलते. आणि मागचा सांगाडा वाढवून सीट जोडली, तर काय होतं ते बैलगाडीवाल्या घरातल्या बायांना सांगायची गरज नाही. मागे ओझं जास्त झालं की गाडी उलाळ होते आणि धुरा वर उचलते. जीपचंही तसंच आहे. मागच्या चाकांच्या मागे माणसं दाटली की पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो आणि घाट चढताना स्टेअरिंग हलकं, तरंगल्यासारखं लागतं. तेव्हा चाकं वळवली तरी ती रस्ता नीट धरत नाहीत. टपावर सोयाबीनची पोती असतील तर धोका आणखी वाढतो. म्हणून पोती खाली, पुढच्या बाजूला ठेवा आणि मागे लोंबकळू नका, कुणाला लोंबकळू देऊ नका.

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. जुन्या प्रवासी गाडीचं पासिंग दरवर्षी करावं लागतं. खासगी जीपमधून भाड्याने माणसं नेली आणि अपघात झाला, तर विम्याची भरपाई मिळताना अडचण येते. एमएच 28 ची पाटी आहे एवढ्यावर भागत नाही. परवाना, पासिंग आणि विमा, तिन्हींच्या तारखा बघा.

गटाला स्वतःचीच प्रवासी गाडी चालवायची असेल, तर केंद्र सरकारची आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना 2017 मध्ये सुरू झाली आहे. आपल्या तालुक्यात ती लागू आहे का, हे उमेदच्या तालुका कक्षात विचारा.

पुढच्या मासिक बैठकीत एक ठराव लिहून घ्या. जुन्या गाडीसाठी कर्ज द्यायचं तर खर्चाच्या यादीत स्टेअरिंग, ब्रेक आणि टायर सर्वांत वर असावेत. त्यांचं काम झाल्याची मिस्त्रीची पावती आल्यावरच पुढचा हप्ता द्यावा, आणि दोन सदस्यांनी दोरा बांधून प्ले मोजावा. रंग आणि गाण्याचा डबा नंतर बघता येईल.

हे मोजायला इंजिनिअर लागत नाही, दोरा लागतो. तो प्रत्येकीच्या घरात आहे.